एका मताची मालकीण

व्हेरा ट्रॅनमरच्या टपरीवर चहा मागताना 'प्लीज' म्हटलं नाही, तर कप हातात पडत नसे. मागणारा पोलीस असो नाहीतर आमचा पाळक. ती कप आपल्या बाजूला धरून ठेवी आणि समुद्राकडे बघत उभी राही. माणसाच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत चहा निवून जाई. मग तोच चहा ती दुधासकट फेकून देई, नवा करी आणि पैसे मात्र एकाचेच घेई.

आमच्या स्कॅर्थनेस या समुद्रकाठच्या गावाच्या उत्तर टोकाला, जिथे समुद्राकाठचा रस्ता संपतो आणि कडा सुरू होतो, तिथे ही टपरी. तिच्या सासूने सुरू केलेली. शेजारी विटांची एक बुटकी इमारत, सार्वजनिक संडासाची. पुढ्यात एक बाक आणि त्यापुढे सगळा समुद्र. मी व्हेराला ओळखत होते ती चॅपलमुळे. रविवारी आम्ही एकाच बाकावर बसायचो. ती गायला लागली की पुढच्या रांगेतली माणसं खांदे आवळून घ्यायची. एकदा मी हळूच म्हटलं, "अगं, जरा खालच्या पट्टीत." ती म्हणाली, "आवाज त्यानेच दिलाय, मेविस. मी त्याला परत करतेय. तक्रार असली तर तो सांगेल."

तिचा नवरा केन किनाऱ्यावरच्या, पोहायला येणाऱ्यांसाठीच्या लाकडी खोपट्या रंगवायचा. हिवाळा सरला की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी रांग. निळी, पिवळी, पांढरी. शेवटची रंगवून होईपर्यंत पहिलीचे खारे पोपडे निघायला लागायचे आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही. पुढे त्याचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यातून तो वाचला, पण त्यानंतर त्याला आली की थांबवता येत नसे. संडासापासून लांब जायचं म्हणजे त्याच्या अंगावर काटा यायचा.

नेमकं त्याच वर्षी आमच्या कौन्सिलने खर्च कमी करायला उत्तर टोकाचे संडास बंद केले. दाराला फळ्या ठोकल्या आणि वर एक पाटी लावली, की जवळचे स्वच्छतागृह बस स्टँडपाशी आहे. बस स्टँड गावाच्या दुसऱ्या टोकाला. धडधाकट माणसालाही ते जवळ वाटणार नाही.

केनचं घर किनाऱ्यापासून दोन गल्ल्या मागे होतं. खिडकीतून दिसायची एका हॉटेलची मागची भिंत आणि तिचे पाण्याचे पाइप. ज्याने सगळं आयुष्य समुद्राकडे पाठ करून पण समुद्राच्या अंगणात काढलं, त्याने शेवटची दोन वर्षं समुद्र पाहिला नाही. वाऱ्याबरोबर वास यायचा, भरतीच्या वेळी आवाजही यायचा. रोज टपरी बंद करून व्हेरा घरी आली की तो विचारायचा, "आज कसा आहे?"

आणि ती सांगायची. कोट काढायच्या आधी, उभ्या उभ्या. आज काठाशी मातकट आहे आणि पलीकडे शिशासारखा. आज लाटा अशा येतायत की जणू कुणी चादर झटकतंय. आज ओहोटी इतकी लांब गेली की जुन्या धक्क्याचे खुंट दिसले. मी एकदा सूप घेऊन गेले होते तेव्हा हे ऐकलं. केन डोळे मिटून ऐकत होता. चॅपलमध्ये शास्त्रवाचन चालू असताना काही माणसं ऐकतात, तसा. एक दिवस ती फार दमली होती. म्हणाली, "तसाच आहे." केन म्हणाला, "तसाच तो कधीच नसतो, व्हेरा." ती तशीच वळली, पुन्हा किनाऱ्यापर्यंत गेली आणि बघून आली.

केन गेला त्या पानगळीत. वसंतात कौन्सिलच्या निवडणुका होत्या. व्हेरा माझ्या दारात येऊन म्हणाली, "अर्जावर सही कर. मी उभी राहतेय."

"कुणासमोर?"

"उत्तर प्रभागात दुसरं कोण आहे? पिंडर."

ऑब्री पिंडर यांचं भर चौकात खिळेमोळ्यांचं दुकान. वीस वर्षं कौन्सिलवर ते आमच्या प्रभागाचे सभासद. त्यांच्यासमोर सहसा कुणी उभं राहत नसे; राहिलाच तर हरण्यापुरता. माणूस वाईट नव्हता. डोक्यावर कायम हॅट, बोलणं मऊ. पण काहीही सांगायला जा, ते म्हणत, "लिहून पाठवा." आणि संडास हा शब्द त्यांच्या तोंडातून निघत नसे. ते 'सुविधा' म्हणत. व्हेरा त्यांना एकदा म्हणाली होती, "मिस्टर पिंडर, माझ्या नवऱ्याला सुविधा लागत नाही हो. त्याला संडास लागतो." ते लाल झाले आणि लिहून पाठवा म्हणाले.

तिने पत्रक छापलं, त्यावर एकच ओळ. उत्तर टोकाचे संडास उघडा. छापणाऱ्याने विचारलं, "मिसेस ट्रॅनमर, शोभतं का असं?" ती म्हणाली, "ज्याला लागते त्याला शोभतं."

आम्ही दोघी घरोघर फिरलो. तेव्हा जे पाहिलं ते मी विसरलेले नाही. दार उघडलं की माणसं आधी हवापाण्याचं बोलायची. मग पत्रक वाचायची. मग मागे वळून बघायची, कुणी ऐकत नाही ना, आणि आवाज खाली यायचा. "आमच्या आईचंही तसंच." "आमचे हे गेल्या उन्हाळ्यापासून बाहेर पडले नाहीत." "बाळंतपणानंतर मीसुद्धा." एक उंचापुरा माणूस, आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर काढलेला, दारात पत्रक घेऊन नुसता उभा राहिला. एवढंच म्हणाला, "मला वाटलं, मी एकटाच." ज्या गावात प्रत्येक गल्ली उतरत समुद्राला जाते, त्या गावात इतक्या दारांमागे समुद्र तुटलेला होता आणि कुणी कुणाला बोललं नव्हतं. त्या दिवसांत रोज मी प्रार्थनेला बसले की ती दारंच डोळ्यांपुढे यायची.

मतदान आमच्या चॅपलच्या हॉलमध्ये होतं. दाराशी खुर्ची टाकून मी बसले होते, छातीला व्हेराच्या बाजूचं रिबिनीचं फूल लावून. शेजारच्या खुर्चीवर पिंडरांची वहिनी, त्यांच्या बाजूचं फूल लावून. मत देऊन बाहेर येणाऱ्याचा यादीतला नंबर आम्ही टिपून घ्यायचो, कोण यायचं राहिलंय ते कळावं म्हणून. एकीचा चुकला तर दुसरी सांगायची. तिची अंड्याची सँडविचं, माझा थर्मास. पाऊस आला तेव्हा दोघी एकाच छत्रीत. आमच्याकडे असंच असतं.

दुपारी व्हेरा मत द्यायला आली. केनचा कोट, खाली चॅपलचे बूट. बाहेर आली तेव्हा पिंडरांची वहिनी पाय मोकळे करायला गेली होती.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"स्वतःचं नाव छापलेलं बघून कसं वाटलं गं?"

"बघितलं कुठं नीट. मी पिंडरला दिलं."

मला वाटलं ती थट्टा करतेय. तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"व्हेरा. तुझं डोकं ठिकाणावर आहे?"

"ओरडू नकोस, ही देवाची जागा आहे." ती छत्री झटकत म्हणाली. "अगं, स्वतःच्याच नावापुढे मताची फुली मारायची? आमच्या घरी पाहुणे आले की आई नुसती भुवई उचलायची. म्हणजे घरच्यांनी हात आखडता घ्यायचा, पुडिंग पाहुण्यांना पुरलं पाहिजे. ताटलीतला शेवटचा केक मी आजवर उचललेला नाही. आणि आता पेन्सिल घेऊन लिहू, की मी बरी?"

"हे पुडिंग नाही."

"वीस वर्षं उभा आहे बिचारा. मी मध्ये आले तर एवढा मान तरी ठेवायला नको? आणि एका मतानं काय होतंय, मेविस? तो जिंकायचा तर शेकड्यानं जिंकेल."

असं म्हणून ती टपरी उघडायला निघून गेली. मी तिथेच बसून राहिले. दुसऱ्या कुठल्या देशात हे कुणी करेल असं मला वाटत नाही, आणि आमच्या गावात व्हेराशिवाय कुणी करेल असंही वाटत नाही.

मतमोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी पॅव्हेलियनमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या नाचाच्या हॉलात. लग्नाआधी आम्ही सगळ्या ज्या लाकडी जमिनीवर नाचलो, तिथे लांबच लांब टेबलं मांडली होती. मोजायला बँकेतल्या मुली, शाळेत जेवण वाढणाऱ्या बायका. मी पहिल्यांदाच आत गेले होते. मला वाटलं होतं गोंधळ असेल. आत नुसता कागदांचा आवाज, कबुतरं पंख हलवतात तसा. खिडक्यांतून समुद्राचा उजेड छतावर हलत होता. टेबलाच्या अलीकडे उभं राहून बघायचं, हात लावायचा नाही.

आणि त्या फुल्या. किती तऱ्हेच्या. कागद फाटेल अशा जोराने मारलेल्या. म्हाताऱ्या हाताच्या, थरथरून चौकटीबाहेर आलेल्या. एक इतकी बारीक की जणू माफी मागतेय. एवढी माणसं आपापल्या घरून निघाली, पावसातून आली, दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली, एकेक फुली मारली आणि कुणालाही न सांगता घरी गेली. मला उगाच वाटलं की देवबापाला आपण सगळे असेच दिसत असू, प्रत्येकाची एक छोटी खूण आणि ती त्याला ओळखू येत असेल. मी तिथे उभ्या उभ्या डोकं झुकवलं. कुणी पाहिलं नसावं.

संशयाच्या मतपत्रिका बाजूला काढून निवडणूक अधिकारी दोघांना दाखवत होते. एकीवर कुणीतरी व्हेराच्या चौकटीत फुलीऐवजी किटली काढली होती, तोंडातून वाफ येणारी. अधिकाऱ्याने पिंडरांकडे पाहिलं. पिंडर चष्मा सारखा करत म्हणाले, "हेतू स्पष्ट आहे. चांगली काढलीये." किटली व्हेराच्या गठ्ठ्यात गेली.

गठ्ठे वाढत गेले तसे टेबलाभोवतीचे लोक जवळ सरकले. दोन्ही ढीग सारखे दिसत होते. अधिकारी आले, कागद बघितला, पुन्हा टेबलाकडे गेले, परत आले. दोघांना जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं. मी व्हेराच्या मागेच होते, मला ऐकू आलं. पिंडर सहाशे बारा. ट्रॅनमर सहाशे अकरा.

फेरमोजणी झाली. त्या बायकांनी बोटं ओली करून एकेक कागद पुन्हा मोजला. मी हिशेब करत होते आणि तो करायचा नाही असंही ठरवत होते. तिने आपलं मत आपल्याला दिलं असतं तर ती सहाशे बारा, ते सहाशे अकरा. दुसरा हिशेबच नव्हता. त्या समोरच्या ढिगात कुठेतरी तिची फुली पडलेली होती.

पुन्हा तेच आकडे आले. अधिकारी म्हणाले, "मिसेस ट्रॅनमर, अजून एकदा मोजायचं म्हणत असाल तर..."

व्हेराचा रंग उतरला होता. तिने माझा हात पाठीमागे घट्ट धरला होता. आतापर्यंत तिलाही हिशेब कळला होता.

"दोनदा मोजून तेच आलं ना?" ती म्हणाली. "मग पुरे. त्या मुली दमल्यात, त्यांना चहा द्या."

माझ्या ओठांवर आलं होतं. ती मान न वळवता पुटपुटली, "एक अक्षर बोलायचं नाहीस."

निकाल जाहीर झाला. रिवाजाप्रमाणे जिंकलेल्याने दोन शब्द बोलायचे असतात, पोलिसांचे आभार, मोजणाऱ्यांचे आभार, प्रतिस्पर्ध्याचे आभार. पिंडर हॅट हातात घेऊन व्यासपीठावर चढले आणि बोलेनात. एरवी ते शेकड्यांनी जिंकत; कुणाचे म्हणून आभार मानायचे हा प्रश्नच नसे. "कुणीतरी एक जण," ते म्हणाले आणि थांबले. "काल कुणीतरी एक जण घराबाहेर पडला नसता, तर मी इथे असतोच असं नाही. मला त्या माणसाला... तो कोण आहे हे मला कळणार नाही." मग ते खाली आले आणि आधी व्हेराचा हात हातात घेतला. व्हेरा म्हणाली, "अभिनंदन, मिस्टर पिंडर." सरळ, स्वच्छ.

परत येताना मी तिला बोलायचं ते बोलून घेतलं. ती ऐकत होती. बंद संडासापाशी आल्यावर बाकावर बसली.

"केन असता तर म्हणाला असता, वेडी आहेस."

"मीही तेच म्हणतेय."

"तो रागावला नसता पण." ती फळ्या ठोकलेल्या दाराकडे बघत होती. "मला वाटायचं, एक मत म्हणजे काहीच नाही. सगळ्यांसारखं तेही कुठेतरी जातं आणि मिसळतं. आज ते तिथे पडलेलं पाहिलं मी. मिसळत नाही गं काही."

आता पुढचं. मी हे रचून सांगत नाही. गावातल्या जुन्या माणसांना विचारा.

पिंडरांच्या त्या बोलण्यानंतर आठवडाभरात खाटीक त्यांना म्हणाला, "तो मीच हो. पावसामुळे घरीच बसणार होतो, पण बायकोने हाकललं." मग पोस्टातली बाई म्हणाली, ती मी, कुत्रं त्या बाजूला ओढत गेलं म्हणून गेले. मासे-चिप्सच्या दुकानाच्या रांगेत एकाने सांगितलं, दवाखान्यात दुसऱ्याने. ज्यांनी व्हेराला मत दिलं होतं त्यांनीही सांगितलं असणार, मला खात्री आहे. लोक गमतीने म्हणत. पण पिंडर गमतीने घेत नसत. प्रत्येकासमोर ते थांबत, हॅट काढत. खोटं कोण बोलतंय हे त्यांना कळत नव्हतं, आणि यातला एक जण खरा असू शकत होता. मग ते विचारत, "तुमचं काही काम आहे का?" लिहून पाठवा हे शब्द गेलेच. दुकानाबाहेर त्यांनी एक स्टूल ठेवलं, आलेल्याला बसायला.

दारात आलेल्याशी नीट वागा, कोण असेल सांगता येत नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. आम्ही मान हलवतो आणि घरी जातो. इथे एका माणसाला ते खरोखर करावं लागत होतं, रोज, भर रस्त्यात, आणि करता करता त्याचा चेहरा बदलत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याला चमत्कार म्हणायला मी कोण, पण दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

त्या स्टुलावर बसून लोक काय सांगायचे? व्हेराने पत्रक वाटताना जे दारादारांत ऐकलं तेच. आधी हवापाणी, मग मागे वळून बघणं, मग खालचा आवाज. तो बोटीवरचा उंचापुरा माणूससुद्धा येऊन बसला होता म्हणतात. आणि व्हेरा स्वतः दर महिन्याला कौन्सिलच्या सभेत, लोकांना प्रश्न विचारू देतात त्या वेळेला, केनचा कोट घालून उभी राहायची आणि तेच विचारायची. पहिल्यांदा सभासद हसले. हिवाळ्यात एका सभेत तिने विचारायच्या आधी पिंडरच उठले. म्हणाले, "अध्यक्षमहाराज, उत्तर टोकाचे संडास."

सुविधा नाही. संडास. मी गॅलरीत होते. विचारायला उठलेली व्हेरा खाली बसली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दार उघडायचं ठरलं. फित आणली होती, कात्री आणायची राहिली. व्हेराने टपरीतली पाव कापायची सुरी आणली आणि पिंडर म्हणाले, तुम्हीच कापा. टाळ्या झाल्या. फळ्या निघालेल्या, आत नवे नळ, साबणाचा वास. मग लोक पांगले. आम्ही तिघंच राहिलो.

पिंडर समुद्राकडे बघत म्हणाले, "मिसेस ट्रॅनमर, एक गोष्ट मला अजून छळते. वर्ष होत आलं. तो एक माणूस कोण होता, मला कळलेलं नाही. सगळे म्हणतात, मी."

व्हेराने सुरी ॲप्रनला पुसली. "मी होते तो," ती म्हणाली.

पिंडर तिच्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, हॅट पडली. "तुम्हीसुद्धा!" ते म्हणाले. "खाटीक, पोस्ट, आणि आता तुम्हीसुद्धा!" व्हेराही हसली. तिने हॅट उचलून, वाळू झटकून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोक्यावर न घालता तशीच हातात धरली, आणि चहा मागितला. प्लीज म्हणून.

ते पुढे कितीतरी वर्षं निवडून येत राहिले. व्हेरा पुन्हा उभी राहिली नाही. आता दोघंही प्रभूपाशी आहेत, तिथे खरं काय ते कळलंच असेल. म्हणून मी लिहितेय.

त्या दुपारी पिंडर गेल्यावर एक म्हातारा काठी टेकत आला. मुलीने हाताला धरलेलं. तो आत गेला, बऱ्याच वेळाने बाहेर आला, हात झटकत. मुलगी म्हणाली, "चला बाबा, घरी." तो म्हणाला, "थांब." आणि बाकावर जाऊन बसला. भरती लागत होती. व्हेरा चहाचा कप घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने प्लीज म्हटलं नव्हतं, मागितलाही नव्हता.

"आज कसा आहे?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने कप दोन्ही हातांत धरला. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्र बघून घेतला.

"मोठा आहे," तो म्हणाला.

व्हेरा तिथेच उभी राहिली, तो बघत होता तिकडे बघत. मागे टपरीत पाणी उकळायला लागलं होतं. मी आत गेले आणि गॅस बारीक केला.